गरम पाण्याची धार बारीक का होते?

बेंगळुरूच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटच्या आसपास, घरं दाटीनं उभी आहेत. खाली जमिनीत पाणी साठवायचा संप, गच्चीवर टाकी, न्हाणीघरात गिझर. थंड पाणी नीट येतं, पण गरम पाण्याची धार महिनोन्महिने बारीक होत जाते. मग कुणी नवा गिझर घेतं, कुणी पंप बसवतं. खिशाला हात घालण्याआधी हे समज तपासून पाहा.

गैरसमज : गिझर जुना झाला की दाब कमी देतो.
वस्तुस्थिती : साठवणीचा गिझर पाणी फक्त तापवतो, दाब तयार करत नाही. दाब मिळतो टाकीच्या उंचीतून. १० मीटर उंचीला साधारण १ बार. टाकीतलं पाणी शॉवरपेक्षा ३ मीटर उंच असेल, तर हाती येतो जेमतेम ०.३ बार. म्हणूनच सगळ्यात वरच्या मजल्यावर धार सगळ्यात कमी असते आणि वाटेतला लहानसा अडथळाही तिथे लगेच जाणवतो.

गैरसमज : कावेरीचा पुरवठा कमी दाबानं येतो, म्हणून धार कमी.
वस्तुस्थिती : कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून टप्प्याटप्प्यानं उपसून शहरात आणतात. पण ते एकदा संपात पडलं की वाहिनीच्या दाबाचा शॉवरशी संबंध उरत नाही. खरा फरक पाण्याच्या जडपणानं पडतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात एकूण जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. बोअरचं किंवा टँकरचं पाणी अनेकदा जड असतं. ते तापलं की त्यातला कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडतो आणि एलिमेंटवर, पाइपच्या तोंडाशी, शॉवरच्या छिद्रांत पांढरा थर धरतो. धार एका दिवसात न जाता हळूहळू का जाते, याचं उत्तर बहुतेक वेळा या थरात सापडतं.

गैरसमज : तापमान वाढवलं की धार जोरात येते.
वस्तुस्थिती : उलट पाणी जितकं जास्त तापेल, तितका थर लवकर धरतो. घरगुती वापराला ५५ ते ६० अंश पुरेसे आहेत.

गैरसमज : प्रेशर पंप लावला की प्रश्न मिटला.
वस्तुस्थिती : पंपानं थर निघत नाही. गिझर किती दाब सोसतो, हे त्याच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. त्यापलीकडे जाऊ नये. गच्चीवर काचेच्या नळ्यांचा साधा, दाब न सोसणारा सोलर असेल, तर त्याच्या टाकीवर पंपाचा दाब कधीच देऊ नये. सांधे गळतात, टाकी फुगून फाटू शकते.

गैरसमज : सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो, म्हणजे गळती, बूच मारून टाका.
वस्तुस्थिती : १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांवर गेलं की सुमारे पाव लिटरनं फुगतं. मागे परतायची वाट नॉन-रिटर्न व्हॉल्व्हनं अडवली असेल, तर ते वाढीव पाणी सेफ्टी व्हॉल्व्हमधूनच बाहेर पडतं. गिझर बंद आणि थंड असतानाही ठिबक चालू राहिली, तर व्हॉल्व्ह बदलावा. बूच मात्र मारू नये. बूच असताना थर्मोस्टॅट बिघडला तर गिझर फुटू शकतो.

गैरसमज : लंडनमधले नातेवाईक बॉयलरमध्ये पाणी भरून दाब वाढवतात, तसंच इथेही करता येईल.
वस्तुस्थिती : तिथला बॉयलर घर उबदार ठेवण्यासाठी रेडिएटरमधून तेच ते पाणी फिरवत राहतो. थंड असताना त्या बंद यंत्रणेचा दाब साधारण १ ते १.५ बार ठेवतात. काटा सारखा उतरत असेल, तर कुठेतरी गळती असते किंवा प्रसरण-टाकीतली हवा गेलेली असते. नुसतं पाणी भरत राहिल्यानं तिथलाही दोष जात नाही. आपल्या गिझरमध्ये रोज नवं पाणी येतं आणि जातं, त्यामुळे तो उपाय इथे लागूच पडत नाही.

दोष कसा शोधायचा?
एकाच मिक्सरमधून आधी थंड, मग गरम पाणी बादलीत सोडा आणि दोन्ही वेळा बादली भरायला किती वेळ लागतो, ते मोबाइलवर मोजा. दोन्ही धारा बारीक असतील, तर टाकीचा व्हॉल्व्ह आणि नळाच्या तोंडाची जाळी पाहा. मार्च २०२४ मधल्या पाणीटंचाईत शहराच्या जलमंडळानं अनेक ठिकाणी नळांना एरेटर सक्तीचे केले. ते धार मुद्दामच कमी करतात, पण त्यांच्या जाळीत कचराही अडकतो. फक्त गरम धार बारीक असेल, तर गिझरखालचा अँगल कॉक पूर्ण उघडा आहे का, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि कनेक्शन पाइप तुंबलेत का, हे बघा. फक्त शॉवरच कमी येत असेल, तर त्याचं तोंड काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजत ठेवा. टाकी रिकामी होऊन गेल्यावर धार अचानक थांबली आणि नळ फुरफुरू लागला, तर लाइनमध्ये हवा अडकली आहे.

जड पाणी असलेल्या घरात दर वर्षी गिझर उघडून थर काढून घ्या, टाकीचा गंज रोखणारा मॅग्नेशियमचा रॉडही तपासून घ्या. काम सुरू करण्याआधी मेन स्विच बंद करा, आणि सेफ्टी व्हॉल्व्हला बूच मारायला सांगणाऱ्या कारागिराला स्पष्ट नकार द्या.