मोटारीचा खरा खर्च

‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ अशी एक म्हण मराठीत आहे. वस्तू विकत घेताना जे मूल्य द्यावे लागते, त्याहून ती वापरताना होणारा खर्च पुष्कळदा अधिक असतो, हे या म्हणीत मोठ्या मार्मिकपणे सांगितले आहे. मोटारीच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. मोटार विकत घेताना पैसे एकदाच मोजावे लागतात. परंतु दाराशी आल्यावर ती रोज काही ना काही मागतच असते.

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारींबरोबर विजेवर चालणाऱ्या मोटारीही आता रस्त्यांवर दिसू लागल्या आहेत. या दोहोंपैकी स्वस्त कोणती, असा प्रश्न घरोघरी विचारला जातो. त्याचे उत्तर हवे असेल, तर दोहोंना एकच माप लावले पाहिजे. पेट्रोल लिटरने मोजतात, तर वीज युनिटने. एक हजार वॉटची शेगडी एक तास चालली, म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. लिटर आणि युनिट यांची सरळ तुलना होत नाही. परंतु एक किलोमीटर जाण्यास किती पैसे लागतात, हे दोन्ही मोटारींच्या बाबतीत सांगता येते.

२०२५ साली मुंबईत एक लिटर पेट्रोलचा भाव शंभर रुपयांहून थोडा अधिक होता. हिशेबाच्या सोयीसाठी तो १०५ रुपये धरला आणि मोटार एका लिटरमध्ये १५ किलोमीटर जाते असे मानले, तर दर किलोमीटरला ७ रुपये पडतात. तेवढ्याच आकाराची विजेची मोटार एका युनिटमध्ये सुमारे ६ किलोमीटर जाते. घरच्या विजेचा दर युनिटला १२ रुपये धरला, तर दर किलोमीटरला २ रुपयेच पडतात.

एवढा फरक का पडावा? वीज पेट्रोलपेक्षा स्वस्त आहे म्हणून, असे कोणासही प्रथम वाटेल. परंतु दिसते तसे नसते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा साठविलेली असते. १०५ रुपयांना ९ युनिट, म्हणजे एका युनिटला पावणेबारा रुपयांच्या आसपास. विजेचा दरही जवळजवळ तेवढाच आहे! खरे कारण निराळेच आहे. पेट्रोल इंजिनात जळते, तेव्हा त्याची पुष्कळशी उष्णता धुराबरोबर व रेडिएटरमधून बाहेर निघून जाते. ऊर्जेचा जेमतेम पाव भाग चाकांपर्यंत पोहोचतो. विजेच्या मोटारीत मात्र बॅटरीतील बहुतेक ऊर्जा चाके फिरविण्याच्या कामी येते. म्हणूनच ज्या १५ किलोमीटरांसाठी एकीला ९ युनिट ऊर्जा लागते, तेवढ्यासाठी दुसरीला अडीच युनिट पुरतात. शिवाय खंडाळ्यासारखा घाट उतरताना चाके फिरविणारे विजेचे यंत्रच जनित्राचे काम करू लागते आणि थोडी वीज बॅटरीत परत भरते. पेट्रोलच्या मोटारीत तीच ऊर्जा ब्रेक तापण्यात वाया जाते.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. चंद्रपूरसारख्या औष्णिक वीजकेंद्रात कोळसा जाळून वीज निर्माण करतात, तेव्हा तेथेही पुष्कळ उष्णता वाया जाते. परंतु तो तोटा विजेच्या दरात आधीच धरलेला असतो. मोटारीच्या मालकास तो पुन्हा सोसावा लागत नाही.

देखभालीच्या बाबतीतही विजेच्या मोटारीचे पारडे जड आहे. तिला इंजिन नसल्यामुळे इंजिनातले तेल बदलणे, स्पार्क प्लग बदलणे असले खर्च नसतात. टायर मात्र दोहोंचेही झिजतात.

मग सर्वांनी विजेचीच मोटार घ्यावी काय? तसे म्हणण्यापूर्वी जमाखर्चाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. विजेची मोटार ही काही आजची वस्तू नव्हे. १८९९ साली कामीय जेनात्झी या बेल्जियन चालकाने विजेच्याच मोटारीतून ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेग गाठला होता. त्यापूर्वी कोणत्याही मोटारीस हे साधले नव्हते. परंतु त्या काळच्या जड बॅटरीत वीज थोडी मावत असे. लिथियमच्या बॅटरीने ती उणीव आता बरीच भरून काढली आहे. मात्र ही बॅटरी महाग असते. त्यामुळे विजेच्या मोटारीची किंमतही अधिक असते.

समजा, ही अधिक किंमत ३ लाख रुपये आहे. एका तालुक्याच्या गावी एक डॉक्टर राहतात. आजूबाजूच्या खेड्यांतील रुग्णांना भेटण्यासाठी त्यांची मोटार वर्षाकाठी १८ हजार किलोमीटर धावते. दर किलोमीटरला ५ रुपये वाचले, तर वर्षाला ९० हजार रुपये वाचतील आणि ३ वर्षे ४ महिन्यांत ३ लाखांची भरपाई होईल. पुढचे सारे पैसे शिल्लक! त्यांच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांचा प्रवास वर्षाला ३ हजार किलोमीटरांपलीकडे जात नाही. त्यांचे वर्षाला १५ हजार रुपये वाचतील. म्हणजे भरपाईस २० वर्षे लागतील. बॅटरीची हमी बहुधा ८ वर्षांचीच असते. जन्मभर काटकसर करून साठविलेल्या पुंजीतून त्यांनी ही मोटार घेतली, तर खर्च वाचविण्याच्या नादात पदरचे पैसे अडकून पडतील.

वीज कोठे भरावयाची, यावरही पुष्कळ अवलंबून असते. घरी सोय नसल्यामुळे डॉक्टरांना रस्त्यावरील केंद्रात युनिटला २४ रुपये द्यावे लागले, तर खर्च दर किलोमीटरला ४ रुपये होईल, बचत ३ रुपयांवर येईल आणि भरपाईस सुमारे साडेपाच वर्षे लागतील.

म्हणून ‘कोणती मोटार स्वस्त?’ असे विचारणाऱ्यास जाणता मनुष्य उलट तीन प्रश्न विचारील : मोटार वर्षाला किती धावणार? वीज कोठे भरणार? आणि ती किती वर्षे वापरणार? पेट्रोलचे भाव बदलतील, विजेचे दर बदलतील, बॅटरीच्या किमतीही बदलतील. हिशेबाची रीत मात्र बदलणार नाही. शेजाऱ्याला जे परवडले ते आपल्यालाही परवडेलच, असे नाही. ज्याने त्याने आपला हिशेब आपणच मांडला पाहिजे.