ॲप आपणही घडवू, व्यासपीठावरून सांगूही

आज बीड जिल्ह्यातील वस्त्यावस्त्यांत मोबाईल पोहोचला आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज असो, गॅसची नोंदणी असो की पैसे पाठविणे असो, पुष्कळशी कामे ॲपवर होतात. परंतु ही ॲप घडवितो कोण? घडविणाऱ्यांत आपली मुले-मुली का नसावीत? यावर विचार व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच.

ॲप म्हणजे काय?

एखादे ठरावीक काम मोबाईलकडून करून घेण्यासाठी लिहिलेल्या सूचनांचा संच म्हणजे ॲप. परिचयाचे उदाहरण म्हणजे १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली 'ई-पीक पाहणी'. पूर्वी पिकांची नोंद तलाठी करीत. या ॲपमुळे शेतकरी स्वतः शेतात उभा राहून गट क्रमांक निवडतो, पीक नोंदवितो व छायाचित्र काढतो. छायाचित्राबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. शेतात नेटवर्क मिळेलच असे नाही, हे ध्यानात घेऊन माहिती आधी मोबाईलमध्ये साठविण्याची व नंतर पाठविण्याची सोय ठेवण्यात आली. मात्र ही नोंद सातबाराच्या आधाराने होते. ज्याच्या नावे जमीनच नाही, त्याला येथे जागा नाही. त्याच्या अडचणीसाठी वेगळे ॲप लागेल, आणि ते त्याची अडचण जाणणाऱ्यानेच घडवावे.

घरातील अडचणीपासून प्रारंभ

दरवर्षी आपल्या जिल्ह्यातून हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल किती, ऊस किती टन तोडला, उचल किती फिटली, हा हिशोब बहुधा मुकादमाच्या वहीत असतो. हाच हिशोब मजुराच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये राहिला तर? तारीख, टन, दर व घेतलेली रक्कम एवढे चार रकाने पुरेत. बेरीज-वजाबाकी मोबाईल करील. अक्षरे मराठी व मोठी असावीत, वाचता न येणाऱ्या माउलीला बाकी रक्कम ऐकू यावी, नेटवर्कशिवाय काम चालावे आणि हिशोब तिच्या परवानगीवाचून कोणाच्या हाती पडू नये. एवढे कागदावर आखले की निम्मे काम झालेच.

पुढचे काम शिकण्याचे आहे. 'अँड्रॉइड स्टुडिओ' हे साधन विनामूल्य मिळते. 'कोटलिन' ही त्यासाठीची प्रमुख भाषा. संगणकाची मेमरी किमान ८ जीबी असावी. चाचणी आपल्याच मोबाईलवर घेता येते. 'प्ले स्टोअर'वर ॲप ठेवण्यासाठी एकदाच २५ डॉलर नोंदणी शुल्क भरावे लागते. नव्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. हे बारा जण ऊसतोडीच्या टोळीतूनच घ्यावेत. खरे दोष तेच दाखवतील.

व्यासपीठावर कसे बोलावे?

ॲप घडविणाऱ्यांच्या परिषदा भरतात. 'पायकॉन इंडिया' ही पायथॉन भाषेची परिषद २००९ पासून भरते. २०१७ साली 'पायकॉन पुणे' झाली. अशा ठिकाणी केवळ मोठ्या पदावरचेच बोलतात, हा गैरसमज आहे. संयोजक आधी प्रस्ताव मागवितात. आपला विषय काय व श्रोत्यांना त्यातून काय मिळेल, हे थोडक्यात लिहून कोणीही पाठवू शकतो. एकदा नाकारला गेला तरी पुन्हा पाठवावा.

भाषणात प्रथम माणसाची अडचण सांगावी; मग आपण काय केले, कोठे चुकले व काय बदलले ते सांगावे. ॲप चालवून दाखवावे, पण आयत्या वेळी नेटवर्क गेले तर म्हणून चित्रफीत जवळ ठेवावी. इंग्रजी तोडकेमोडके असले तरी वाक्ये लहान ठेवली की निभावते. आधी वस्तीतील अभ्यासिकेत मराठीतून सराव करावा. कोयत्याचा हिशोब पुण्या-बंगळूरच्या किती श्रोत्यांना ठाऊक असेल? तो आपल्याला ठाऊक आहे. तीच आपली शिदोरी.

जवळचे उदाहरण

आष्टी तालुक्यातील दादासाहेब भगत यांनी पुण्यात इन्फोसिसमध्ये ऑफिस बॉयचे काम केले. काम सांभाळून ते ॲनिमेशन व पुढे प्रोग्रामिंग शिकले. टाळेबंदीच्या काळात गावी परतल्यावर नेटवर्कसाठी त्यांनी टेकडीवर बैठक मांडली व 'डूग्राफिक्स' हे चित्ररचनेचे सॉफ्टवेअर उभे केले. पुढे 'शार्क टँक इंडिया' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांनी आपले काम देशापुढे मांडले. घडविणे व सांगणे ही दोन्ही कामे आपल्या मातीतला तरुण करू शकतो, याचा हा दाखला.

तरुण बंधू-भगिनींनो, मोबाईल आपल्या हाती आहेच. आपल्या आईला, शेजाऱ्याला रोज भेडसावणारी एक अडचण निवडा व आज वहीत लिहून काढा. पहिले ॲप तेथूनच सुरू होईल, आणि पहिले भाषणही.