उदगीरची मोहीम, बोटभर सैन्यात
लघुसैन्याच्या, म्हणजे छोट्या बाहुल्यांच्या फौजा पटावर लढवण्याच्या स्पर्धेत प्रत्येक तुकडीला तिच्या बळानुसार गुण ठरलेले असतात आणि त्यांची बेरीज नेमून दिलेल्या मर्यादेत बसवावी लागते. त्यामुळे आजच्या लातूर जिल्ह्यातील उदगीरची १७६० ची मोहीम, जिच्यात मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांनी हैदराबादच्या निजामाच्या सैन्याला कोंडीत पकडले, पटावर मांडू पाहणाऱ्याने घोडदळाचा मोह आवरून इब्राहिमखान गारद्याच्या तोफांना आणि गारद्यांना, म्हणजे युरोपीय पद्धतीची कवायत शिकलेल्या बंदूकधारी पायदळाला, जागा राखावी. सुमारे २८ मिलिमीटर उंचीच्या या बाहुल्यांवर आधी अस्तर, म्हणजे पुढचा रंग धरून ठेवणारा थर, मग मूळ रंग आणि नंतर कपड्यांच्या चुण्यांत साचून सावली दाखवणारा पातळ गडद रंग दिला जातो. मराठा स्वारांना एकसारखा गणवेश नसल्याने पागोटी निरनिराळ्या रंगांत रंगवणे, कितीही वेळखाऊ असले तरी, इतिहासाला धरून होते.