रविवारची मिसळ शुक्रवारी सुरू होते

(ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा लोकलमध्ये इअरफोन हरवलाय, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतेय. बोलले तसंच ठेवलंय, फक्त थोडं आवरून.)

नाश्ता झाला का? नसेल झाला तर आधीच माफी मागते, कारण आजचा भाग ऐकताना पोटात कावळे ओरडणार आहेत.

आज बोलायचंय आपल्या गल्लीतल्या मिसळीच्या दुकानाबद्दल. एसी नाही, मेन्यूकार्ड नाही, भिंतीवर पाटी आणि पाटीवर चार पदार्थ, अशा दुकानाबद्दल. माझं असं एक दुकान पुण्यात शनिवार पेठेतल्या एका बोळात आहे. पाच टेबलं, वीस खुर्च्या, गल्ल्यावर काकू आणि आत भट्टीपाशी काका. दुकानाचं नाव मुद्दाम सांगत नाहीये. का, ते शेवटाकडे कळेलच.

मी पाच वर्षांची असल्यापासून दर रविवारी आजोबांबरोबर तिथे जाते. आजोबा आता 81 वर्षांचे आहेत. त्यांची जागा ठरलेली, पंख्याखालचं कोपऱ्यातलं टेबल. ते बसले की ऑर्डर द्यावी लागत नाही. काका डाव घेतात, पातेल्यातली वरची लाल तर्री बाजूला सारतात आणि खालचा रस्सा काढून आजोबांच्या वाटीत ओततात. लहानपणी मला वाटायचं, हे लाड आहेत. लाड आहेतच, पण त्यात विज्ञानही आहे. तिकडे येतेच.

आधी मटकी

मिसळ म्हणजे मिसळलेलं. नावातच सगळं आलं. पण कोणत्या गावात काय मिसळायचं, यावर मात्र भांडणं होतात. पुण्याच्या जुन्या पेठांमध्ये प्लेटमध्ये पोहे, बटाट्याची भाजी, चिवडा, शेव असा सगळा संसार असतो आणि बरोबर ब्रेडचे स्लाईस. कोल्हापुरात कांदा-लसूण चटणीचा झणझणीत कट, तिथेही स्लाईसच. नाशिकला काळा मसाला, पाव आणि पापड. नागपूरला गेलात तर तर्री पोह्यांवर पडते आणि त्यात हरभरा असतो. ठाण्याची मामलेदार मिसळ ओळखली जाते ती मामलेदार कचेरीच्या नावानं. आणि दादरच्या आस्वादच्या मिसळीला तर 2015 साली लंडनमध्ये जगातला सगळ्यात चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून पुरस्कार मिळाला होता.

पण विदर्भ सोडला तर बहुतेक ठिकाणी खाली असते ती मोड आलेली मटकी. आणि मटकीला घाई चालत नाही.

काकांचं वेळापत्रक बघा. शुक्रवारी रात्री दुकान आवरताना मटकी भिजत घालायची. शनिवारी सकाळी पाणी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची. शनिवारचा दिवस आणि रात्र मोड येण्यात जाते. रविवारी पहाटे चारला भट्टी पेटते आणि साडेसातला पहिली प्लेट बाहेर येते. थंडीत मोड आळशी होतात, म्हणून काका ते गाठोडं पोत्यात गुंडाळून भट्टीजवळ ठेवतात. मे महिन्यात उलटं. उकाड्यात मोड भसाभस येतात आणि थोडं दुर्लक्ष झालं की मटकीला आंबूस वास सुटतो. मग ती फेकूनच द्यावी लागते.

मोड का आणायचे? नुसती भिजवून शिजवली तर चालणार नाही का? चालेल, पण मोड येताना दाणा जागा होतो. पुढे रोप व्हायचं म्हणून साठवलेलं अन्न तो मोडायला लागतो. ज्या साखरेसारख्या घटकांमुळे कडधान्य खाल्ल्यावर पोटात गॅस होतो, ते कमी होतात. क जीवनसत्त्व वाढतं. दाणा लवकर शिजतो आणि चवीला किंचित गोडसर होतो. म्हणून तिखटजाळ रश्श्यातही मटकी हरवत नाही.

आता हिशोब. काका म्हणतात, एक किलो कोरड्या मटकीत त्यांच्या साधारण 28 प्लेटा निघतात. रविवारी ते पाच किलो भिजवतात. म्हणजे 140 प्लेटा. हा 140 चा आकडा लक्षात ठेवा. तो शुक्रवारी रात्री ठरतो आणि रविवारी सकाळी कोणीही, अगदी काका स्वतःसुद्धा, बदलू शकत नाहीत.

तर्री वर का येते?

कांदा-खोबरं भाजून वाटायचं, आलं-लसूण, मसाला, लाल तिखट घालून तेलात परतायचं, अगदी तेल सुटेपर्यंत. मग पाणी. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर तरंगतं. मिरचीचा लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. म्हणून वरचा थर लालभडक.

मिरचीला तिखट करणारा घटक म्हणजे कॅप्सेसिन. तोही तेलातच विरघळतो. म्हणजे पातेल्यातला जाळ बराचसा वरच्या थरात असतो. आता कळलं काका तर्री बाजूला का सारतात? एकाच पातेल्यातून नातीला जहाल आणि आजोबांना सौम्य, दोन्ही निघतं. फक्त डाव किती खोल घालायचा, हे कळलं पाहिजे.

आणखी एक गंमत. तिखट ही खरं तर चव नाही. आंबट, गोड, खारट, कडू या चवी. तिखट म्हणजे वेदना! जिभेवरच्या ज्या ग्राहकांना चटका कळतो, त्यांनाच कॅप्सेसिन जाऊन डिवचतं आणि मेंदूला वाटतं, तोंड भाजलं. हा ग्राहक 1997 मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं मिरचीच्याच मदतीनं शोधला आणि 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्याबरोबर विभागून मिळालं.

त्यामुळे ठसका लागला की पाण्याचा ग्लास रिकामा करून काही होत नाही. पाणी त्या तेलकट पदार्थाला धुऊन नेत नाही, नुसतं तोंडभर फिरवतं. ताक किंवा दही घ्या. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवतं. मिसळीबरोबर ताक किंवा दही घेणाऱ्यांना हे नोबेलच्या आधीपासून माहीत होतं, फक्त त्यांनी पेपर लिहिला नाही.

आणि हो, ही मिरची आपली नव्हेच. ती अमेरिकेतून पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आली. टोमॅटो-बटाटाही तिकडचेच. पाव हा शब्दही पोर्तुगीज. प्लेटमध्ये अस्सल इथली म्हणाल तर मटकी!

सॅम्पल फुकट, स्लाईसचे पैसे

पुण्यात वरून मागितलेल्या रश्श्याला सॅम्पल म्हणतात. आमच्याकडे सॅम्पल हवं तितकं आणि फुकट. जादा स्लाईसचे मात्र पैसे. कॉलेजात असताना मला वाटायचं, काका भोळे आहेत.

भोळे वगैरे काही नाहीत! रस्सा मोठ्या पातेल्यात एकदाच होतो, एक वाटी जास्त गेली तर फारसा फरक पडत नाही. महाग पडतं ते फरसाण, मटकी आणि ब्रेड. शिवाय सॅम्पल नुसतं कोण पितं? सॅम्पल घेतलं की स्लाईस लागतोच. स्लाईस संपला की सॅम्पल लागतं. काकू गल्ल्यावर बसून गालात हसत असतात.

खाणाऱ्यांसाठी एक टीप. सगळा रस्सा एकदम ओतू नका, फरसाण लगेच मऊ पडतं. थोडा ओता, खा, परत ओता. सॅम्पल वेगळ्या वाटीत येतं ते याचसाठी.

या दुकानांचा सगळा खेळ खुर्च्यांचा असतो. वीस खुर्च्या, माणूस वीस मिनिटांत उठला तर तासाला साठ माणसं. प्लेट 80 रुपयांची. खाऊन झाल्यावर चौघांनी अर्धा तास गप्पा मारल्या तर त्या टेबलाचा एक अख्खा फेरा गेला. जुन्या दुकानांत ‘जास्त वेळ बसू नये’ अशी पाटी दिसली की आपण तिचा फोटो काढून पुणेरी पाटी म्हणून हसतो. ती पाटी म्हणजे त्यांचं अर्थशास्त्र आहे.

आता माझी चूक

मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी दुपारी मी काकांच्या दुकानाचं रील टाकलं. चाळीस सेकंदांचं. तर्री, वाफ, काकांचा डाव आणि खाली लोकेशन. विचारलं नव्हतं. मला वाटलं, चांगलंच करतेय, काकांचा धंदा वाढेल. रात्रीपर्यंत व्ह्यूज लाखाच्या वर गेले. मी हवेत.

रविवारी आठला आजोबांना घेऊन गेले तर बोळाच्या तोंडापर्यंत रांग. आजोबांच्या टेबलावर चार मुलं उभ्यानं शूटिंग करत होती. आजोबा काठी टेकून पंचवीस मिनिटं उभे राहिले. मग म्हणाले, “चल, घरी पोहे करू.” सव्वानऊला मटकी संपली. साडेनऊला येणारे नेहमीचे लोक शटर बघून परत गेले. रांगेतल्या कुणीतरी ‘ओव्हररेटेड, माल संपतो’ असा रिव्ह्यूही टाकला.

ते 140 आठवतंय ना? मी रील टाकलं तेव्हा मटकी फडक्यात बांधून झाली होती. माझ्या फोनला एका रात्रीत लाख माणसं मिळाली, पण मटकीला तेवढ्या रात्रीत जास्तीचा एक दाणा मिळणार नव्हता.

पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारसाठी काकांनी धीर करून नऊ किलो भिजवली. आणि त्या रविवारी गर्दी आलीच नाही. ती दुसऱ्या कुणाच्या रीलमागे दुसऱ्या पेठेत गेली होती. जवळजवळ तीन किलोची मोड आलेली मटकी उरली. ती ठेवता येत नाही. काकूंनी डबे भरून शेजारपाजारी वाटली. एक डबा आमच्याकडेही आला, आजोबांसाठी.

आजोबांनी खाल्ली. म्हणाले, “चांगली झालीये. पण ही उसळ झाली गं. मिसळ दुकानातच.”

मला काही तो घास गिळवला नाही. संध्याकाळी डबा परत द्यायला गेले आणि विचारलं, “काका, रील काढून टाकू का?”

काका भांडी घासत होते. म्हणाले, “तुझं तू बघ. गर्दी आली तेव्हा पैसे मिळाले, ते मी नाही कसं म्हणू? पण आधी सांगायचंस गं. शुक्रवारी सांगितलं असतंस तर जास्त भिजवली असती. अगं, मटकी काय तुझ्या फोनवर मोड काढते?” मग थोडं थांबून म्हणाले, “आजोबांना पुढच्या रविवारी सव्वासातला घेऊन ये. शटर अर्धं असतं तेव्हा.”

आता आम्ही सव्वासातला जातो. आजोबा अर्ध्या शटरखालून वाकून आत जातात. मला दर वेळी धाकधूक होते, पण ते ऐकत नाहीत. पंखा अजून बंद असतो. काका डाव घेतात, तर्री बाजूला सारतात.

रील मी ठेवलंय, लोकेशन काढलंय. नाव का सांगत नाही, ते आता कळलं असेल.

तुमच्या गल्लीतही असं एक दुकान असेलच. जा, पोटभर खा, सुट्टे पैसे न्या, खाऊन झालं की टेबल सोडा. फोटो काढायचा तर आधी विचारा. आणि जगाला सांगायचंच असेल, तर निदान शुक्रवारी दुकानदाराला सांगा.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर ताक घेऊन बसा!