नॅशनल एचआरओ: व्हॉल्व्हच्या जमान्यातला राजा

शॉर्टवेव्हच्या जुन्या व्हॉल्व्ह रिसीव्हरमध्ये माझा सर्वांत लाडका म्हणजे १९३५ साली अमेरिकेत बाजारात आलेला नॅशनल कंपनीचा एचआरओ. यात बँड बदलायला स्विचच नाही! कॉइलचा अख्खा खण पुढून ओढून काढायचा आणि दुसरा बसवायचा. काम कटकटीचं, पण स्विचच्या लांबलचक तारा टळतात आणि जोडणी आखूड राहते, म्हणून उच्च फ्रिक्वेन्सीवरही सेट दमदार चालतो.

खरी कमाल डायलची. टोकापासून टोकापर्यंत जायला नॉबचे दहा फेरे, आणि छोट्या खिडक्यांतून सरकणारे ० ते ५०० आकडे. फ्रिक्वेन्सी मात्र खणावरच्या आलेखावरून काढायची. स्टेशन पुन्हा नेमकं सापडतं, ते या डायलमुळेच. दुसऱ्या महायुद्धात जर्मन संदेश टिपणाऱ्या ब्रिटिश केंद्रांनी हे सेट भरपूर वापरले. जर्मनांनीही याची नक्कल बनवली, यातच सगळं आलं.

वीजपुरवठ्याचा डबा वेगळा असतो, त्यामुळे गुणगुण आणि उष्णता दूर राहते. जुना सेट हाती लागला तर आधी कपॅसिटर तपासा, थेट वीज देऊ नका. आत २०० व्होल्टहून जास्त डीसी असतो.