संयोजी ऊती : शरीराची बांधणी व मुलांच्या दुखापती

पेशी ह्या शरीराच्या विटा होत, असे वर्गात सांगण्याची रीत आहे. परंतु नुसत्या विटा रचून भिंत टिकत नाही; त्यांस जोडणारा चुना लागतो. शरीरात जोडण्याचे, आधार देण्याचे व पोकळ्या भरून काढण्याचे काम ज्या ऊती करतात, त्यांस संयोजी ऊती म्हणतात. ऊती म्हणजे एकच कार्य करणाऱ्या पेशींचा समूह. इतर ऊतींत पेशी एकमेकींस लागून असतात. संयोजी ऊतींत त्या विरळ असून, त्यांच्यामधील जागा आधारद्रव्याने भरलेली असते. हे द्रव्य पातळ, चिवट की कठीण, यावरून या ऊतींचे प्रकार पडतात.

पेण तालुक्यातील मुलांस गणपतीचे कारखाने परिचित आहेत. प्लास्टरची मूर्ती ओतताना साच्यात काथ्या घालतात, हे पुष्कळांनी पाहिलेले असते. नुसते प्लास्टर कठीण खरे, पण ठिसूळ. काथ्यामुळे त्यास ताण सोसण्याचे बळ येते. शरीरातील काथ्या म्हणजे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू. शरीरातील एकूण प्रथिनांचा सुमारे चौथा हिस्सा वा त्याहून अधिक भाग कोलॅजेनचा असतो. त्याचा रेणू तीन पेडांच्या दोराप्रमाणे वळलेला आहे, हे मद्रास विद्यापीठातील जी. एन्. रामचंद्रन् व गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५ साली मांडले.

संयोजी ऊतींचे मुख्य प्रकार असे :

(१) विरल ऊती : त्वचेखाली व इंद्रियांच्या मधल्या जागेत असते. इंद्रियांस जागच्या जागी धरून ठेवते.

(२) चरबीयुक्त ऊती : शरीराची ऊब राखते, धक्के सोसते व अन्नाचा साठा करते.

(३) स्नायुरज्जू व अस्थिबंध : स्नायुरज्जू स्नायूस हाडाशी बांधतो; अस्थिबंध हाडास हाडाशी बांधतो. टाचेच्या वर हातास लागणारी जाड दोरी हा स्नायुरज्जूच होय.

(४) कास्थी : कान व नाकाचा शेंडा यांत असते, सांध्यांत हाडांच्या टोकांवर तिचे गुळगुळीत आवरण असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसल्यामुळे ती दुखावल्यास सहजी भरून येत नाही.

(५) अस्थी : कोलॅजेनच्या तंतूंवर कॅल्शियम व फॉस्फरस यांचे क्षार बसून ती कठीण होते. प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात.

(६) रक्त : याचे आधारद्रव्य पातळ असते. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून त्या सतत नव्याने तयार व्हाव्या लागतात.

हाडाची घडण प्रयोगाने उत्तम समजते. कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ हाड व्हिनेगरमध्ये काही दिवस बुडवून ठेवावे व व्हिनेगर मधून मधून बदलावे. क्षार विरघळून हाड रबरासारखे वाकू लागते. राहिला तो काथ्या. दुसरे हाड शिक्षकांनी स्वतः चुलीत पांढरे होईपर्यंत जाळून, निवल्यावर दाखवावे. ते बोटाने चुरडते; राहिले ते प्लास्टर. दोन्ही एकत्र असतील तरच हाड बळकट, हे विद्यार्थ्यांस निराळे सांगावे लागत नाही.

या ज्ञानाचा शाळेत प्रत्यक्ष उपयोग आहे. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कास्थीची एक पट्टी असते. हाडाची लांबी तेथेच वाढते, व उंची वाढणे थांबले की त्या पट्टीचे हाड होते. ही पट्टी शेजारच्या अस्थिबंधाहून कमकुवत असते. ज्या पडण्याने मोठ्या माणसाचा पाय केवळ मुरगळतो, त्याच पडण्याने मुलाची ही पट्टी तुटू शकते. उपचार न झाल्यास क्वचित हाड आखूड अथवा वाकडे वाढते. पावसाळ्यात रोह्याकडील शेतांच्या निसरड्या बांधांवरून शाळेत येणारे मूल पडले, तर पाय चोळून वा ओढून 'बसविण्याचा' प्रयत्न कोणासही करू देऊ नये. दुखरा भाग हलू न देता फूटपट्टी व फडक्याने आधार द्यावा, थंड पाण्याची पट्टी ठेवावी, पाय उंच ठेवावा. सूज वाढली, आकार वाकडा दिसला किंवा पाय टेकवेना, तर मुलास त्याच दिवशी पेण अथवा रोहा येथील सरकारी रुग्णालयात न्यावे व पालकांस कळवावे.

दुसरी गोष्ट आहाराची. कोलॅजेनचे तंतू पक्के होण्यास क जीवनसत्त्व लागते. ते फार काळ न मिळाल्यास हिरड्यांतून रक्त येते व जखमा भरत नाहीत. आवळा, पेरू, लिंबू व काजूचे बोंड यांत ते विपुल असते. हाडांच्या क्षारांसाठी नाचणी व काट्यांसह खाल्ली जाणारी बारीक सुकी मासळी, तर प्रथिनांसाठी वाल, अशा या भागातच मिळणाऱ्या वस्तू उपयोगी पडतात. वालाच्या बिरड्यावर लिंबू पिळल्यास त्यातील लोह अंगी अधिक लागते, आणि तांबड्या पेशींस लोह हवेच असते. मूल फिकट दिसत असेल, लवकर दमत असेल, तर त्यास आळशी न ठरविता आरोग्य तपासणीस आवर्जून पाठवावे.

पाठाच्या शेवटी मुलांनी आपल्याच टाचेवरील दोरी व कानाची पाळी चाचपून पाहावी, आणि प्रत्येक ठिकाणी कोणती ऊती लागली ते वहीत लिहावे.