अडीच लाख किलोमीटर झालेली पिकअप घ्यावी का?

मालकाने आठला बोलावलं होतं, मी साडेसहालाच दारात उभा राहिलो. जुनी डिझेल गाडी बघायला जायची वेळ हीच. आठपर्यंत त्याने ती दोनदा चालू करून, तापवून, पुसून ठेवली असती. बॉनेटवर हात ठेवला तर गार. चावी फिरवली. स्टार्टर बराच वेळ कुथला, मग कुठे इंजिन चालू झालं आणि पांढऱ्या धुरात अंगणातली शेळी दिसेनाशी झाली. "थंडी आहे ना दादा," मालक म्हणाला. महिना एप्रिलचा होता.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा सतरा-अठरा पट दाबली की ती एवढी तापते, की आत फवारलेलं डिझेल आपसूक पेट घेतं. पिस्टनच्या रिंगा आणि लायनर झिजले की दाबलेली हवा फटीतून खाली निसटते, उष्णता पुरेशी होत नाही, आणि अर्धवट जळलेलं डिझेल पांढरा धूर होऊन बाहेर पडतं. इंजिन एकदा तापलं की हीच झीज झाकली जाते. म्हणून गार इंजिनाचा हट्ट धरायचा. नुसता हीटर प्लग गेला असेल तरी पांढरा धूर येतो, पण तो मिनिटाभरात विरतो आणि ते काम स्वस्तातलं आहे. धूर थांबतच नसेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर कूलंट आत जळतोय, म्हणजे हेड गॅसकेटपासून पुढचं काहीही. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. काळ्या धुराला मी फार घाबरत नाही. हवेपेक्षा डिझेल जास्त जातंय एवढाच त्याचा अर्थ, आणि पुष्कळदा तुंबलेला एअर फिल्टर किंवा टर्बोचा चिरलेला पाईप एवढंच कारण निघतं.

आता बॅक कॉम्प्रेशन. इंजिन तापून आयडलवर आलं की ऑईल भरायचं झाकण काढून त्याच तोंडावर उलटं, सैल ठेवायचं. थोडंफार थरथरणं चालतं. झाकण उडायला लागलं, किंवा तोंडातून चहाच्या किटलीसारखी वाफ फेकली जाऊ लागली, तर वरचा दाब रिंगांमधून खाली चेंबरमध्ये उतरतोय. फिटर याला 'बॅक मारतंय' म्हणतात. अशा इंजिनाचं काम आज ना उद्या निघणार, तेव्हा त्याची किंमत आजच सौद्यात धरा. ऑईलची पट्टीही ओढून बघा. ऑईल काळं दिसलं म्हणून नाक मुरडू नका, डिझेल इंजिनात नवं ऑईलसुद्धा थोड्याच दिवसांत काळं पडतं. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय. खुणेच्या वर चढलेलं आणि डिझेलचा वास मारणारं असेल तर इंधन खाली उतरतंय. हे दोन्ही वाईट.

मीटरवरच्या आकड्याकडे मी यानंतर वळतो. रोज दीडशे किलोमीटर धावणारी गाडी वर्षाला 300 दिवस चालली तर 45,000 किलोमीटर होतात, पाच वर्षांत सव्वादोन लाख. धंद्याच्या गाडीला यात विशेष काही नाही. खरा हिशेब तासांचा आहे. महामार्गावर सरासरी 50 च्या वेगाने दोन लाख किलोमीटर म्हणजे इंजिनाचे 4,000 तास. तेवढेच किलोमीटर शहरात 20 च्या सरासरीने झाले तर 10,000 तास, शिवाय क्लच आणि ब्रेक किती वेळा दाबले त्याची गणतीच नाही. नारायणगावहून रात्री टोमॅटो भरून वाशीला जाणारी अडीच लाखांची गाडी गल्लीबोळांत सिलिंडर वाटणाऱ्या सव्वा लाखाच्या गाडीपेक्षा तरुण असू शकते.

त्यामुळे मालकाला पहिला प्रश्न विचारायचा, गाडी कशावर होती? दूध संकलनाची गाडी मला आवडते. तोच रस्ता, ठरलेलं वजन, आणि दूध नासू नये म्हणून वेळच्या वेळी केलेली देखभाल. मासळीच्या गाडीचं इंजिन ठणठणीत असलं तरी बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं हौद्यातून चेसिसवर गळलेलं असतं, हातोडीने ठोकल्याशिवाय तिला हो म्हणू नका. वाळू, विटा, खडी वाहिलेल्या गाडीच्या वाटेला मी जातच नाही.

मालक खोटं बोलू शकतो, गाडीला ते जमत नाही. एप्रिलमधल्या त्या गाडीचं मीटर 84,000 दाखवत होतं. क्लचच्या पेडलचं रबर झिजून पत्रा उघडा पडला होता, गिअरच्या दांडीवरचे आकडे पुसले गेले होते आणि ड्रायव्हरच्या सीटला हाताएवढा खड्डा. 84,000 मध्ये एवढं होत नाही. मीटर मागे फिरवणं जुन्या केबलच्या गाडीत सोपं होतं, डिजिटलमध्येही अवघड राहिलेलं नाही. सर्व्हिसची जुनी बिलं मागा. बिलावर तारखेशेजारी किलोमीटर छापलेले असतात.

मग गाडीखाली शिरा. अंगावर जुना शर्ट असू द्या. आपल्याकडे पिकअप म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे 2523 सीसीची बोलेरो पिकअप येते, पण टाटा योद्धा घ्या नाहीतर अशोक लेलँड दोस्त, खाली बघायच्या जागा त्याच. मागचे पाटे मोजा. कंपनीने दिलेल्यापेक्षा एखादा जास्त निघाला तर गाडी क्षमतेपेक्षा जास्त वजन ओढत आली आहे. पाट्यांचे हँगर जिथे चेसिसला बसतात तिथे चीर किंवा वेल्डिंगचा ओघळ आहे का ते बॅटरी मारून बघा. सगळी चेसिस जुनी आणि तेवढ्या हातभर जागेवर ताजा काळा रंग असेल तर तो रंग नखाने खरवडा. प्रोपेलर शाफ्ट हाताने उलटसुलट पिळला की जॉइंट क्रॉसची ढिलाई कळते. ते काम किरकोळ. डिफरन्शियलच्या हाउसिंगमधून ऑईल गळत असेल तर आत किती दिवस कोरडं फिरलंय हा प्रश्न उभा राहतो.

कॉमन रेलच्या गाड्यांमध्ये इंजेक्टरचा खर्च कंबर मोडतो. टायरात हवा तीन-चार बारची असते, या रेलमध्ये डिझेल हजार बारच्या वर दाबलेलं असतं. त्यात पाणी किंवा कचरा गेला की इंजेक्टरची बारीक तोंडं झिजतात. याची एक साधी चाचणी चांगला फिटर तुमच्यासमोर करून दाखवतो. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या काढून तो चार बारक्या बाटल्यांत सोडतो आणि इंजिन काही मिनिटं चालू ठेवतो. चारही बाटल्यांत डिझेल साधारण सारखं चढलं तर निश्चिंत व्हा. तीन बाटल्यांचे तळ ओले आणि चौथी अर्धी भरली तर चौथा इंजेक्टर आतून गळतोय. फिटर या कामाचे पैसे मागेल. आनंदाने द्या.

एप्रिल 2020 नंतरची गाडी असेल तर ती बीएस-6 आहे, आणि तिच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असू शकते. ही काजळी जाळायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो, म्हणजे गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग चालावी लागते. दोन-दोन किलोमीटरच्या खेपा करणाऱ्या गाडीत ती तुंबते. काही जण मग गाळणी कापून टाकतात. तसं करणं बेकायदा आहे, आणि पुढे पासिंगला उभं राहायचं ते तुम्हाला.

चालवून बघायची तर माल भरून. रिकाम्या हौद्याने सगळ्याच गाड्या पळतात. निदान दहा-बारा पोती टाका आणि चढ शोधा. तिसऱ्या गिअरमध्ये हळू चालत असताना एकदम ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढला पण वेग वाढला नाही तर क्लच प्लेट संपली. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय उचला, गिअर आपोआप निसटला तर गिअरबॉक्सचं काम आहे. चढ संपल्यावर तापमानाचा काटा बघा, आणि गाडी पूर्ण निवल्यावरच रेडिएटरचं झाकण उघडा. आत कूलंटऐवजी गंजाचं तांबडं पाणी असेल तर मालकाचा स्वभाव कळला.

एवढं झाल्यावर कागद-पेन घ्या. समजा मालक साडेतीन लाख म्हणतोय. टायर, क्लच, इंजेक्टर, बॅटरी, पासिंग यांतलं जे जे निघालं त्याचे आकडे फिटरकडून लिहून घ्या आणि बेरजेत मिळवा. ही बेरीज कमी किलोमीटरच्या, दोन-तीन वर्षं नव्या गाडीच्या जवळ गेली तर जुनीचा नाद सोडा. दुसरा हिशेब आपल्या कामाचा. वर्षातून कांद्याच्या पंधरा-वीस खेपा असतील तर भाड्याची गाडी परवडते, दारात उभ्या गाडीचाही विमा, कर आणि पासिंग चुकत नाही. रोज पहाटे बाजार गाठायचा असेल तर दुरुस्तीसाठी मोडलेला एक दिवस एका खेपेचा माल खातो, तिथे कर्ज काढून नवी बरी. आठवड्याला दोन-तीन खेपा, जवळचा बाजार, ओळखीचा फिटर, अशा माणसाला दोन-अडीच लाख झालेली, पण नीट सांभाळलेली पिकअप खुशाल घेता येते. माझी तशीच आहे, दूध वाहिलेली.

कागदांत आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते आधी बघा. असेल तर फॉर्म 35 आणि बँकेचा दाखला हातात आल्याखेरीज विसारापलीकडे रुपया देऊ नका. चेसिस नंबर स्वतः वाचून आरसीशी ताडा. आरसीवरचं एकूण वजनही बघा, 3,000 किलोपर्यंतच्या मालगाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 नुसार परमिट लागत नाही, त्यावरच्या गाडीचं तसं नाही. आठ वर्षांवरच्या गाडीला पासिंग दरवर्षी करावं लागतं आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही बसतो, त्याच्या पावत्या मागा. थकलेले ई-चलन ऑनलाइन दिसतात.

मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन ते खणात ठेवण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केलं. विकणाऱ्यालाही घाई हवी ती यासाठी. घेणाऱ्याने 14 दिवसांत विमा आपल्या नावावर करून घ्यावा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. आणि सौदा पक्का झाला की विसारपावतीवर गाडीचा ताबा घेतल्याची तारीखच नव्हे, वेळसुद्धा लिहून दोघांच्या सह्या घ्या.